डॉकरमध्ये स्वतःचा मॅट्रिक्स सर्व्हर: काय फेकायचं आणि काय जिवापाड जपायचं

माझा पहिला नोड, म्हणजे मॅट्रिक्स या चॅटच्या नेटवर्कमधला स्वतःचा सर्व्हर, उभा करायला पाऊण तास लागला होता आणि त्यातला निम्मा वेळ डोमेनचं नाव काय घ्यायचं यातच गेला. घालवायला मात्र एक कमांड पुरली. डॉकर कंपोज डाऊन, आणि तिच्यामागे कुठेतरी वाचून टाकलेला डॅश व्ही. त्या व्ही चा अर्थ काय ते खाली येईलच, पण कंटेनर, म्हणजे डॉकर ज्या बंद डब्यांत प्रोग्राम चालवतो ते, वापरून असला सर्व्हर चालवायचा असेल तर सगळी गोम तिथेच आहे हे मला तेव्हा कळलं. कंटेनरमुळे सुरुवात फार सोपी होते, इतकी सोपी की आपण जे फेकून देण्यासारखं आहे आणि जे कधीच फेकायचं नाही ते दोन्ही एकाच डब्यात ठेवतो.

आधी हे नेटवर्क काय आहे ते बघू. व्हॉट्सॲप किंवा सिग्नलमध्ये सगळ्यांचे मेसेज एकाच कंपनीच्या सर्व्हरवरून जातात, तो बंद पडला की सगळेच गप्प. मॅट्रिक्सचं तसं नाही. २०१४ मध्ये सुरू झालेला हा एक ओपन प्रोटोकॉल आहे, म्हणजे मेसेज कसा पाठवायचा, कसा तपासायचा, कसा साठवायचा याचे जाहीर नियम, आणि ते नियम पाळणारा सर्व्हर कोणीही चालवू शकतो. १.० व्हर्जन जून २०१९ मध्ये आलं. फ्रान्स सरकारचं चॅप नावाचं ॲप, स्पेलिंगमध्ये सुरुवातीला टी असलेलं, याच्यावरच चालतं आणि जर्मन सैन्याचा मेसेंजर सुद्धा. त्यामुळे चार हौशी लोकांचा उद्योग आहे असं समजू नका.

सगळेजण याला ईमेलची उपमा देतात आणि ती निम्मी बरोबर आहे. तुमचा पत्ता ईमेलसारखाच असतो, आधी ॲटचं चिन्ह, मग युजरनेम, मग कोलन, मग सर्व्हरचं नाव. वेगवेगळ्या सर्व्हरवरची माणसं एकमेकांशी बोलू शकतात, याला फेडरेशन म्हणतात. पण ईमेल पाठवली की पाठवणाऱ्या सर्व्हरचं काम संपलं, इथे तसं संपत नाही. इथे रूम नावाची गोष्ट असते आणि ती कुठल्याच एका सर्व्हरवर राहत नाही. रूममध्ये तीन सर्व्हरची माणसं असतील तर तिन्ही सर्व्हर आपापली प्रत ठेवतात. एक बंद पडला तर बाकीचे दोघं बोलत राहतात आणि तो परत आला की राहिलेलं त्यांच्याकडून मागून घेतो.

मग क्रम कसा लागतो? प्रत्येक मेसेज आपल्या आधीच्या मेसेजकडे बोट दाखवतो आणि त्याच्यावर पाठवणाऱ्या सर्व्हरची डिजिटल सही असते. दोन सर्व्हरनी एकाच क्षणी काहीतरी पाठवलं तर साखळीला दोन फांद्या फुटतात आणि पुढचा मेसेज त्या दोन्हींकडे बोट दाखवून त्यांना परत एकत्र बांधतो. साध्या गप्पांना हे चालून जातं, पण समजा एका सर्व्हरवर ॲडमिनने एखाद्याला रूममधून काढलं आणि त्याच क्षणी दुसऱ्या सर्व्हरवर त्या माणसाने रूमचं नाव बदललं, तर खरं कुठलं मानायचं? त्यासाठी ठरलेला अल्गोरिदम आहे, स्टेट रिझोल्यूशन म्हणतात त्याला, प्रत्येक सर्व्हर तो स्वतःच्या प्रतीवर स्वतंत्रपणे चालवतो आणि सगळ्यांचं उत्तर एकच यावं अशी त्याची रचना आहे. हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण म्हणजे तुमच्या सर्व्हरची रॅम आणि डिस्क कुठे जाते याचं उत्तर बरंचसं इथेच आहे.

आता कंटेनर. याला छोटा कॉम्प्युटर म्हणायची पद्धत आहे, पण तसं ते नाही. व्हर्च्युअल मशीनला स्वतःचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, असतो, कंटेनरला नसतो, तो एक साधा प्रोसेसच असतो ज्याला लिनक्सने डोळ्यांवर झापडं बांधली आहेत, म्हणजे त्याला दुसरे प्रोसेस दिसत नाहीत, फाइल्स फक्त स्वतःच्याच दिसतात, आणि रॅम-सीपीयू किती वापरायचं यावर हवं तर लगाम घालता येतो. डॉकर २०१३ मध्ये आलं तेव्हा यातल्या बऱ्याच गोष्टी लिनक्समध्ये आधीपासूनच होत्या, डॉकरने त्या वापरायला सोप्या केल्या. इमेज म्हणजे साचा आणि कंटेनर म्हणजे त्या साच्यातून काढलेला गणपती, विसर्जन केलं तरी साचा शाबूत, पाहिजे तेव्हा दुसरा काढा. फक्त त्या पहिल्या मूर्तीवर तुम्ही हाताने जे रंगकाम केलं होतं ते गेलं. कंटेनरच्या आत लिहिलेलं सगळं कंटेनर काढून टाकला की असंच जातं. म्हणून जे टिकायला हवं ते व्हॉल्यूममध्ये ठेवतात, म्हणजे डिस्कवरची अशी जागा जी कंटेनरच्या बाहेर असते आणि आत फक्त जोडलेली असते.

मॅट्रिक्सच्या नोडला साधारण तीन कंटेनर लागतात. एक सिनॅप्स, म्हणजे मूळ होमसर्व्हर (मॅट्रिक्सचे नियम पाळणारा सर्व्हरचा प्रोग्राम), पायथनमध्ये लिहिलेला आणि काही भाग आता रस्टमध्ये. दुसरा पोस्टग्रेस डेटाबेस. तिसरा रिव्हर्स प्रॉक्सी, जो बाहेरच्या जगाशी एनक्रिप्टेड कनेक्शनवर बोलतो आणि आत सिनॅप्सकडे पोचवतो. कंपोज नावाच्या एका फाइलमध्ये हे तिघं, त्यांचे व्हॉल्यूम आणि पोर्ट लिहून ठेवायचे म्हणजे सगळं एका कमांडवर चालू-बंद होतं. डेंड्राइट आणि कंड्युइट असे दुसरे होमसर्व्हरही आहेत, हलके आहेत, पण पहिल्यांदा करताय तर सिनॅप्सच घ्या, कारण अडल्यावर उत्तरं त्याचीच सापडतात.

सगळ्यात आधी नाव, आणि इथे घाई करू नका. सिनॅप्सला पहिल्यांदा जनरेट मोडमध्ये चालवतात तेव्हा तुम्ही सर्व्हरचं नाव देता आणि ते नाव नंतर बदलता येत नाही. सेटिंगमध्ये बदलून चालेल असं वाटतं पण नाही चालत, कारण ते प्रत्येक युजरच्या पत्त्यात असतं आणि ते पत्ते दुसऱ्यांच्या सर्व्हरवरच्या प्रतींमध्ये लिहिले गेलेत, तिथे जाऊन तुम्ही काही खोडू शकत नाही. गंमत म्हणून टेस्ट वगैरे नाव दिलं तर ते कायमचं चिकटतं. बरं, पत्त्यात छोटं मुख्य डोमेन हवं पण सर्व्हर मात्र सबडोमेनवर चालवायचा असेल तर तेही होतं. मुख्य डोमेनवर वेल-नोन नावाच्या फोल्डरखाली एक छोटी फाइल ठेवायची ज्यात लिहिलेलं असतं की बाबा रे, माझा मॅट्रिक्स सर्व्हर अमुक ठिकाणी आहे. ती नसेल, आणि डीएनएसमध्येही वेगळी नोंद नसेल, तर बाकीचे सर्व्हर तुम्हाला ८४४८ पोर्टवर शोधतात. फाइल असली की नेहमीच्या ४४३ वर सगळं भागतं. माझं मत विचाराल तर फाइलवालाच रस्ता घ्या, एक पोर्ट कमी उघडावा लागतो.

जनरेट झाल्यावर डेटा फोल्डरमध्ये कॉन्फिगची फाइल येते, लॉगची सेटिंग येते आणि साइनिंग की नावाची एक इवलीशी फाइल येते, एकाच ओळीची. मघाशी प्रत्येक मेसेजवर सर्व्हरची सही असते म्हटलं ना, ती सही याच कीने होते. ही दुसऱ्याच्या हाती लागली तर तो तुमच्या सर्व्हरच्या नावाने बोलू शकतो, आणि हरवली तर नवीन करता येते पण जुन्या सहीचा मेळ घालत बसावं लागतं. पेन ड्राइव्हवर टाका, पासवर्ड मॅनेजरमध्ये टाका, पण सर्व्हरच्या बाहेर एक कॉपी पाहिजेच. याच टप्प्यावर परमिशनची चूक हमखास येते, कारण कंटेनरमधला सिनॅप्स ९९१ नंबरचा युजर म्हणून चालतो आणि फोल्डर तुमच्या किंवा रूटच्या मालकीचं असलं की तो बिचारा आपलीच की वाचू शकत नाही. मालकी बदला, ७७७ चा जालीम उपाय करू नका, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाकण्याचा.

डेटाबेसचं बघू. जनरेट केलेली कॉन्फिग एसक्यूलाइट, म्हणजे एका फाइलमध्ये राहणारा छोटा डेटाबेस, धरून चालते, ते फक्त करून बघण्यापुरतं ठीक आहे, खरा नोड पोस्टग्रेसवरच न्या आणि पहिल्या दिवशीच न्या. पोस्टग्रेसमध्ये एक खाच आहे. सिनॅप्सला डेटाबेसचं कोलेशन, म्हणजे अक्षरं कुठल्या क्रमाने लावायची तो नियम, सी नावाचाच लागतो, दुसरा दिसला की तो चालूच होत नाही. उगाच हट्ट वाटतो पण कारण आहे. बाकीचे क्रम ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायब्ररीवर अवलंबून असतात, ती लायब्ररी बदलली की क्रम बदलू शकतो आणि आधी बांधलेले इंडेक्स गुपचूप चुकीचे होतात. कंटेनरमध्ये हे फार सहज घडतं, डेबियनवाली इमेज काढून लहान आहे म्हणून अल्पाइनवाली (दोन्ही लिनक्सच्याच जाती) लावली की लायब्ररी बदललीच. आणि त्यात अजून एक मेख अशी की पोस्टग्रेसची इमेज कोलेशनची सेटिंग फक्त डेटा फोल्डर रिकामं असताना वाचते. चूक लक्षात आल्यावर तुम्ही कंपोज फाइल कितीही वेळा दुरुस्त करा आणि रीस्टार्ट करा, ती ढिम्म हलत नाही. पहिल्याच दिवशी असाल तर व्हॉल्यूम उडवून परत सुरू करा, नंतर असाल तर डंप, म्हणजे डेटाबेसमधलं सगळं एका फाइलमध्ये, काढून नवीन डेटाबेसमध्ये भरा.

पुढची चूक इतक्या जणांची होते की ती न करणाऱ्याचा सत्कार करायला हवा. सिनॅप्सच्या कॉन्फिगमध्ये डेटाबेसचा पत्ता लोकलहोस्ट लिहायचा आणि मग कनेक्शन रिफ्यूज्ड म्हणून बोंबलत बसायचं. प्रत्येक कंटेनरला स्वतःचं वेगळं नेटवर्क असतं, त्यामुळे सिनॅप्सच्या आत लोकलहोस्ट म्हणजे सिनॅप्सच, शेजारचा पोस्टग्रेस नव्हे. कंपोजमध्ये सर्व्हिसला जे नाव दिलंय तेच पत्ता म्हणून लिहायचं, डॉकर ते आतल्या आत शोधून देतो.

प्रॉक्सीसाठी कॅडी घेतलात तर सर्टिफिकेट तोच आणतो आणि संपायच्या आत बदलतोही. एनजिनएक्स घेतलात तर ते काम वेगळं, शिवाय त्याची अपलोडची मर्यादा मुळात १ एमबी असते आणि सिनॅप्सची ५० एमबी. त्यामुळे मेसेज मस्त जातात आणि फोटो जात नाहीत, आणि माणूस दोन तास सिनॅप्सचे लॉग चाळत बसतो जिथे काहीच सापडणार नसतं कारण फोटो तिथवर पोचलेलाच नसतो.

आणि फायरवॉल! लिनक्सवर यूएफडब्ल्यू लावून तुम्ही निवांत झोपता, पण कंपोजमध्ये पोर्ट पब्लिश केला की डॉकर स्वतःचे नियम कर्नलमध्ये थेट टाकतो आणि यूएफडब्ल्यूचे नियम बाजूलाच राहतात. म्हणजे फायरवॉल सांगते बंद आहे आणि पोस्टग्रेसचं ५४३२ सगळ्या जगाला उघडं. उपाय साधा आहे, डेटाबेसचा पोर्ट पब्लिश करूच नका, आतल्या नेटवर्कवर तो तसाही दिसतो. सिनॅप्सचा ८००८ बाहेर हवाच असेल तर त्याच्या आधी १२७.०.०.१ लिहा म्हणजे फक्त त्याच मशीनवरून दिसेल. घरच्या कनेक्शनवर चालवायचा विचार असेल तर आधी एवढं तपासा की तुम्हाला स्वतःचा पब्लिक आयपी मिळतोय का, कारण बरेच प्रोव्हायडर एकाच आयपीमागे अनेक ग्राहक बसवतात आणि मग राउटरवर पोर्ट कितीही उघडा, बाहेरून कोणी आत येत नाही. त्यापेक्षा छोटा व्हीपीएस, म्हणजे भाड्याने घेतलेला सर्व्हर, बरा.

सगळं चालू झालं की फेडरेशन टेस्टर नावाचं मॅट्रिक्सचं पान आहे, तिथे सर्व्हरचं नाव टाकलं की बाहेरून तो सापडतोय का, सर्टिफिकेट बरोबर आहे का ते कळतं. युजर कमांड लाइनवरून तयार करा. सगळ्यांसाठी रजिस्ट्रेशन खुलं ठेवायचा मोह टाळा, स्पॅमवाले असे सर्व्हर शोधतच असतात. कसलीही पडताळणी न ठेवता रजिस्ट्रेशन उघडलं तर सिनॅप्स चालू व्हायलाच नकार देतो, मुद्दाम वेगळं सेटिंग लिहून दिल्याशिवाय. त्याचं ऐका.

आता पहिल्या आठवड्यात काय होतं ते सांगतो. नवीन नोड, उत्साह भरपूर, म्हणून माणूस मॅट्रिक्सच्या सगळ्यात मोठ्या पब्लिक रूममध्ये जाऊन बसतो. तुमचा सर्व्हर त्या रूमचा वाचक नसतो, भागीदार असतो, हजारो मेंबरची सगळी स्थिती त्याला स्वतःकडे आणायची असते, तपासायची असते, आणि तिथे बोलणाऱ्या असंख्य सर्व्हरच्या सह्या पडताळायच्या असतात. माझ्या २ जीबीच्या मशीनवर कंटेनर दर थोड्या वेळाने मरत होता आणि एक्झिट कोड १३७ दाखवत होता. हा आकडा दिसला की बहुतेक वेळा अर्थ एकच, रॅम संपली आणि कर्नलने प्रोसेस मारला. स्वतःपुरता नोड, दहावीस लहान रूम, यासाठी २ जीबी पुरतात, पण मोठ्या रूम हव्या असतील तर ४ च्या खाली जाऊ नका. प्रेझेन्स, म्हणजे कोण ऑनलाइन आहे ते दाखवणं, बंद केलं तर बराच भार कमी होतो आणि खरं सांगायचं तर कोणाला काही फरक पडत नाही.

डिस्क तीन वाटांनी भरते. डेटाबेसमधल्या रूमच्या स्थितीचं टेबल सगळ्यात जास्त फुगतं, ते दाबून लहान करायचं वेगळं टूल मिळतं. दुसऱ्या सर्व्हरवरचे फोटो तुमच्या लोकांनी बघितले की त्यांची कॉपी तुमच्या डिस्कवर येऊन बसते, ती किती दिवस ठेवायची हे कॉन्फिगमध्ये लिहिता येतं, लिहाच. आणि डॉकरचे स्वतःचे लॉग, ज्यांना मुळात कसलीच मर्यादा नसते, महिनोन्‌महिने एकच फाइल वाढत राहते. कंपोजमध्ये लॉगचा कमाल साइज टाका, दोन ओळींचं काम आहे.

अपडेटच्या बाबतीत कंटेनर खरंच कमाल आहे. सिनॅप्सची नवीन आवृत्ती साधारण दर दोन आठवड्यांनी येते, नंबर बदलायचा, इमेज ओढायची, अप करायचं, जुना कंटेनर जातो नवीन येतो. इमेजच्या नावापुढे आवृत्ती सांगणारा जो टॅग असतो तिथे लेटेस्ट मात्र लावू नका, नंबर लिहा, म्हणजे काल काय चालत होतं ते आज माहीत असतं. पण हीच सवय पोस्टग्रेसला लावाल तर फसाल. त्याची मोठी आवृत्ती, म्हणजे १५ वरून १६, नुसता टॅग बदलून होत नाही, नवीन पोस्टग्रेस जुन्या आवृत्तीचं डेटा फोल्डर उघडायला नकार देतो. घाबरून काही डिलीट करू नका, टॅग परत जुना करा, चालू होईल, मग शांतपणे डंप काढून नवीनमध्ये भरा.

बॅकअप म्हणजे चालू डेटाबेसचं फोल्डर कॉपी करणं नव्हे, लिहिता लिहिता घेतलेली कॉपी अर्धवट असू शकते. पीजी डंप वापरा. त्यातही सिनॅप्सचं डॉक्युमेंटेशन सांगतं की एन्ड-टू-एन्ड एनक्रिप्शनच्या, म्हणजे मेसेज फक्त दोन टोकांनाच वाचता यावा म्हणून लावलेल्या कुलुपाच्या, वन-टाइम कीजच्या टेबलातला डेटा वगळा. नावातच आहे, त्या एकदाच वापरायच्या असतात. जुना बॅकअप परत भरला तर वापरून झालेल्या कीज पुन्हा वाटल्या जातात आणि समोरच्याला मेसेज उलगडत नाही. डंपच्या सोबत साइनिंग की, कॉन्फिग आणि मीडियाचं फोल्डर. एवढं हातात असेल तर मशीन जळून खाक झालं तरी दुसऱ्यावर तासाभरात तुम्ही तुम्हीच असता, कारण बाकीचं सगळं इंटरनेटवरून परत ओढता येतं.

स्वतःचा सर्व्हर म्हणजे सगळं गुप्त, असंही काही जणांना वाटतं. एनक्रिप्टेड रूममधला मजकूर ॲडमिनला वाचता येत नाही हे खरं, पण कोण कोणत्या रूममध्ये आहे, कधी बोललं, रूमचं नाव काय, मेसेजवर कोणी कुठला इमोजी टाकला, हे सर्व्हरला दिसतं, आणि तुमच्याच नाही तर त्या रूममधल्या प्रत्येक सर्व्हरला. डिलीटचंही तसंच, तुमचा सर्व्हर बाकीच्यांना सांगतो की हा मेसेज काढा, बहुतेक काढतात, पण जबरदस्ती करायची सोय कोणाकडे नाही.

तर तो डॅश व्ही. डाऊन म्हटलं की कंटेनर जातात, व्हॉल्यूम राहतात. व्ही जोडला की नाव दिलेले व्हॉल्यूमही जातात, काहीही न विचारता. माझी साइनिंग की वेगळ्या फोल्डरमध्ये होती म्हणून वाचली, पोस्टग्रेस नेम्ड व्हॉल्यूममध्ये होता म्हणून गेला, आणि डंप मी पुढच्या शनिवारी घेणार होतो. त्याच नावाने, त्याच कीने परत सर्व्हर उभा केला, युजरनेमही तेच घेतलं. आता माझ्या सर्व्हरला एकही रूम माहीत नव्हती आणि बाकीच्या सगळ्या सर्व्हरच्या मते मी त्या रूममध्ये आधीपासून होतोच. मित्राने खाजगी रूममध्ये परत इन्व्हाइट पाठवायचा प्रयत्न केला तर त्याला उत्तर आलं की हा माणूस आतच आहे. त्याने आधी मला काढलं मग परत बोलावलं, तेव्हा कुठे आत गेलो, तर तिथे नवीन मेसेजच उलगडेनात. दोन रात्री घालवल्यावर सरळ नवीन सबडोमेन घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. काही रूममध्ये मला काढायला कोणी ॲडमिनच उरलेला नाही, तिथे जुन्या नावाचा मी मेंबरांच्या यादीत अजून दिसतो.